पाऊस सरासरी गाठतो, तरी एप्रिलात विहीर का आटते? (पूर्व नागपूर आणि आसपासचा सपाट भाग)

पारडीकर
नमस्कार मंडळी. पारडीच्या पुढे, भंडारा रोडच्या बाजूला आमचं घर आहे. सगळा भाग सपाट. उतार असलाच तर कन्हान नदीकडे, तोही डोळ्याला जाणवत नाही. परसात वडिलांनी खोदलेली पस्तीस फुटांची विहीर आहे. पूर्वी ती मे अखेरपर्यंत साथ द्यायची. आता होळी झाली की तळ दिसायला लागतो आणि एप्रिलात मोटार हवा ओढते.

मला पडलेलं कोडं असं की पाऊस तर कमी झालेला दिसत नाही. वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतोच. बहुतेक वर्षी पेपरात येतं, सरासरी गाठली, सरासरी ओलांडली. शिवाय आम्ही सखल भागात. वरच्या अंगाचं पाणी आमच्याच बाजूला वाहत येतं. मग ते मुरतं कुठे? हवामान बदललं, उपसा वाढला, की जमिनीतच काही झालं?

बोअर मारा हा सल्ला नको. गल्लीत आधीच पुष्कळ झाल्या आहेत.

तर्रीपोहा
भाऊ, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे.

संत्राबाग
आमच्या काटोल-नरखेडात या राजेहो, मंग सांगतो पाणी खाली जाणं काय असते. आमच्या आजानं विहिरीवर मोट चालवली, बापानं मोटारपंप लावला, अन् आता शिवारात बोअरशिवाय गोष्ट नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराले, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलाले, डिसेंबरात झाडाचं पाणी तोडून ताण द्या, जानेवारीत पाणी सुरू करा, ते थेट मृग लागेपर्यंत. पावसाळ्यात आलं तेवढं पाणी संत्रा पिऊन जाते. वरूड-मोर्शीकडं बी तेच हाल. पावसाले कायले दोष द्यायचा? पाऊस येते, आपण त्याच्याहून जास्त काढतो.

महालातली_मावशी
आमच्याकडे उलटंच आहे. महालातल्या जुन्या वाड्याच्या विहिरीला ऐन मे महिन्यात हात-दोन हात खाली पाणी असतं. शेजारच्यांच्या तळघरात तर ओल हटतच नाही. एकाच शहरात हे असं कसं?

भूजलवेडा
पारडीकर, तुमच्या प्रश्नात दोन-तीन प्रश्न गुंतलेत. नोकरीत असताना निरीक्षण विहिरींच्या पातळ्या घेणं हेच माझं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपूर दोन खडकांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेला वाडी, हिंगणा, काटोलकडे काळा बेसाल्ट. पूर्वेला तुमच्यापासून मौदा-कुहीकडे त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा नाइस. कामठी, सावनेर, उमरेडकडे कोळशाच्या थरांसोबतचा वालुकाश्म. आणि कन्हान-पेंचच्या काठाकाठानं गाळाची पट्टी. वरून एकसारखी सपाटी दिसते, पण खाली चार वेगवेगळी घरं आहेत.

भूजलाचा हिशेब करताना देशभर काही ठोकताळे वापरतात. गंगेच्या मैदानातल्या गाळात पावसाचं सुमारे २२ टक्के पाणी खाली पोचतं असं धरतात. झिजलेल्या नाइसमध्ये चिकणमाती कमी असेल तर ११ टक्के, जास्त असेल तर ८. झिजलेल्या बेसाल्टमध्ये ७. भेगा नसलेल्या सलग दगडात जेमतेम १. म्हणजे अकराशे मिलिमीटरपैकी आपल्या भागात खाली जातं ते ऐंशी ते सव्वाशे मिलिमीटर. उरलेलं वाहून जातं, उडून जातं, झाडं-पिकं पितात.

आता साठवणीचं बघा. वाळूच्या गाळात शंभर भाग जागेत विहिरीला मिळू शकेल असं पाणी सुमारे १६ भाग मावतं. नाइसमध्ये ३, झिजलेल्या बेसाल्टमध्ये २. त्यामुळे १०० मिलिमीटर पाणी मुरलं तर वाळूच्या मैदानात पातळी दोन फूट चढते आणि बेसाल्टमध्ये सोळा फूट. तेवढंच पाणी परातीत आणि लोट्यात ओतून पाहा, लोटा भरून वाहील. पण रिकामा होतानाही लोटाच आधी होतो. सप्टेंबरात आपल्या विहिरी काठोकाठ भरतात म्हणून आपण निश्चिंत होतो. त्या भरण्यात पाणी थोडंच असतं. तेवढंच उपसलं की पातळी झपकन सोळा फूट खाली.

संत्राबाग
काका, हे सोळा फुटाचं गणित आमच्या शाळेत कोणी सांगितलं असतं तं बरं झालं असतं. आम्ही भरलेली विहीर पायली की गहूबी पेरतो अन् भाजीबी लावतो.

मौदेकरीण
भूजलवेडा काका, तुमचं मत आदरानं वाचलं, पण मौद्याला नाइसच असूनही आमच्या शेतातल्या विहिरीला एप्रिलात पाणी आहे. आमच्याकडे पेंचचा कालवा येतो. धानाच्या बांध्यांत रोवण्यापासून सप्टेंबरपर्यंत पाणी उभं असतं. माझ्या सासऱ्यांच्या मते कालवा येण्याआधी हीच विहीर उन्हाळ्यात कोरडी पडायची. म्हणजे खडक तोच, पाऊस तोच, फरक पडला कालव्यानं.

आणि याची दुसरी बाजू २०१९ ला बघितली. पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं, शहराला दिवसाआड पाणी आलं, तेव्हा कालव्यालाही पाणी नव्हतं. तेव्हा आमच्या विहिरींनीही पटकन तळ गाठला. आमचं भूजल म्हणजे खरं तर पेंचच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशात पडलेला पाऊस आहे. वर चौराई धरण झाल्यापासून तो सगळा खाली येत नाही.

भूजलवेडा
ताई, अगदी बरोबर निरीक्षण. ठोकताळ्यांमध्येही कालव्याची गळती आणि धानाच्या बांधीतून मुरणारं पाणी पावसापासून वेगळं धरतात. सखल भागाच्या विहिरीचा हिशेब फक्त तिथल्या पर्जन्यमापकावर करू नये.

मावशी, तुमच्या वाड्याचंही उत्तर यातच आहे. जुन्या वस्तीत पाइपलाइन गळतात, गडारी झिरपतात, आणि आता नळ आल्यामुळे विहिरीतून कोणी उपसत नाही. पाणी आहे, पण ते पावसाचंच आहे असं समजू नका. प्यायच्या आधी नायट्रेट तपासून घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे.

महालातली_मावशी
पीत नाही हो. धुणी-भांडी, तुळस आणि कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच माणसापेक्षा जास्त पाणी पितो.

ढगाळ
पारडीकरांनी हवामानाचं विचारलं त्यावर कोणी बोललंच नाही.

वर्षाची सरासरी हा विहिरीच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी आकडा आहे असं माझं ठाम मत आहे. विहिरीला कळतं ते एवढंच की पाऊस किती दिवसांत विभागून पडला आणि त्या वेळी जमीन कशी होती. मध्य भारतातल्या पावसाच्या १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००६ साली आला. त्यात अतिजोरदार पावसाचे प्रसंग वाढलेले आणि मध्यम पावसाचे घटलेले आढळले, त्यामुळे एकूण बेरजेत फारसा फरक दिसत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली १९५० ते २०१५ चा काळ घेऊन दाखवलं की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीच्या आसपास वाढल्या. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मग पडतो तेव्हा एकदम पडतो आणि मधे ताण देतो.

२०२३ आठवा. ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरं बुडाली. महिन्याच्या बेरजेत ते शंभर मिलिमीटर ऐटीत बसले. जमिनीत त्यातलं किती गेलं असेल?

लहानपणी झड लागायची. चार-चार दिवस सूर्य दिसायचा नाही, कपडे वाळायचे नाहीत, आई वैतागायची. विहिरी भरायची ती झड.

खारपाण
ढगाळ यांच्याशी अर्धा सहमत. मूळचा दर्यापूरकडचा, आता मनीषनगरला. आमच्या पूर्णेच्या मैदानात गाळ शेकडो फूट खोल आहे, म्हणजे काकांच्या भाषेत परातच. पण वरची काळी माती पाणी आत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खोल उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि नंतर कितीही पडो, वरच्या वर वाहतं किंवा साचतं. झड लागली तरी आमच्याकडे शेतात चिखलच व्हायचा.

आणि जे खाली आहे ते खारं. गोडं पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं डोंगरातून वाहून आलेली वाळू-गोटे आहेत त्या पट्ट्यात मुरतं. तिथल्या विहिरी पावसाला लगेच उत्तर देतात. त्या पट्ट्यातच संत्र्यासाठी सगळ्यात जास्त उपसा होतो, हे दुर्दैव.

तर्रीपोहा
जिथं गोड तिथं मुंग्या.

लुधियाना_ते_लक्ष्मीनगर
नोकरीनिमित्त बरीच वर्षं पंजाबात होतो. तिथलं मैदान म्हणजे भारतातलं सगळ्यात सुपीक गाळाचं. पाऊस आपल्यापेक्षा कमी, पण जमीन पाणी पिणारी. तरी पातळी वर्षागणिक खाली. उपग्रहांनी गुरुत्वाकर्षण मोजून केलेला २००९ चा प्रसिद्ध अभ्यास आहे: ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ मध्ये राजस्थान-पंजाब-हरियाणा-दिल्ली पट्ट्यानं सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल गमावलं. आणि त्या काळात पाऊस सरासरीच्या जवळपासच होता. म्हणून संत्राबाग म्हणतात ते मला पटतं. पावसाच्या नावानं आपण आपला उपसा लपवतो.

उलट उदाहरण बंगालच्या बाजूचं. तिथं उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी उपसा केला की पातळी उतरते, खाली जागा होते, आणि एरवी नदीत वाहून जाणारं पावसाचं पाणी त्या जागेत शिरतं. गंगेच्या खोऱ्यासाठी ही कल्पना १९७५ सालीच मांडली गेली होती. म्हणजे उपसा वाईटच असं नाही. खालचा थर आणि वरचा पाऊस दोन्ही भरून द्यायला समर्थ हवेत.

संत्राबाग
आमचा दगड समर्थ नाही, हे कबूल. जागा झाली तं जागाच राहाते.

भूजलवेडा
छान चाललीय चर्चा. ढगाळ यांना एक पुरवणी. जोरदार पाऊस नेहमी वाया जातो असं नाही. भारतभरच्या नोंदी ताडून पाहिल्या तर उत्तरेच्या गाळाच्या मैदानात हलक्या-मध्यम पावसाचा भूजलाशी जास्त संबंध दिसतो, आणि दक्षिणेच्या कठीण खडकात जोरदार पावसाचा. कारण भेगांपर्यंत पाणी पोचायला आधी वरची माती ओली व्हावी लागते. जूनचा पाऊस बहुतेक मे महिन्यात भाजलेल्या मातीचं कर्ज फेडण्यात जातो. विहिरीची पातळी खऱ्या अर्थानं हलते ती जुलैच्या मध्यानंतर. म्हणून जून कोरडा गेला तर पेरणीचं नुकसान, पण सप्टेंबर कोरडा गेला तर विहिरीचं. तापमान वाढतंय तसं ते मातीचं कर्जही वाढतंय, एवढा हवामानाचा वाटा मी निश्चित मानतो.

पण २३ सप्टेंबरसारखा पाऊस शहरात पडला की त्याला मुरायला माती सापडायला हवी. अंगणात फरशी, रस्ता सिमेंटचा, नाली सिमेंटची. मुरणार कुठे?

मामातलाव
साकोलीकडचा आहे. आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या माणसांना या प्रश्नाचं उत्तर शेकडो वर्षांपूर्वी सापडलं होतं. कोहळी समाजानं उताराचा अंदाज घेत तलाव बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले, साडेसहा हजारांच्या वर आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी वेगळी. खडक तुमचाच, कठीण. पण पाऊस चार तासांत पडो की चार दिवसांत, तलाव त्याला अडवून महिनोन्‌महिने हळूहळू जमिनीला देतो. तलावाच्या पाळीखालच्या विहिरी गावात सगळ्यात शेवटी आटतात.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढणारं कोणी राहिलं नाही. गाळ भरला की साठवण कमी, आणि तळाला चिकण बसली की मुरणंही कमी. आम्ही गावात मिळून एका बोडीतला गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो आपापल्या खर्चानं शेतात नेला. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी होतं. हा माझा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे.

नागपुरातही सक्करदरा, सोनेगाव, नाईक तलाव, लेंडी तलाव होतेच की. लेंडी तलावाचं काय उरलंय ते जाऊन बघा. जीव तुटतो.

नवीन_सदस्य_वाठोडा
पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा राहिला, तिथं बोअर मारली, पाणी लागलं. यामागे काही शास्त्र आहे का?

भूजलवेडा
मित्रा, आपल्या भागात पावसाळ्यानंतर बहुतेक ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच. मेमध्ये टिकतं का ते बघ. आणि खोल बोअरचं पाणी फ्लोराइडसाठी तपासून घे. ग्रॅनाइट-नाइसच्या खोल भेगांतल्या पाण्यात ते जास्त असू शकतं. चंद्रपूर-यवतमाळकडच्या कित्येक गावांनी याचा त्रास सोसलाय.

तर्रीपोहा
पाणाड्याच्या स्वतःच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो का तेवढं विचारून घ्या.

मौदेकरीण
आपण सगळे फिरून आलो, पण पारडीकरांच्या विहिरीचं राहिलंच. भाऊ, दोन गोष्टी सांगा. विहिरीजवळ नाला आहे का? आणि गेल्या काही वर्षांत त्याचं काही काम झालं का?

पारडीकर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ताई, नाला आहे, शंभर-दीडशे पावलांवर. लेआउट पडलं तेव्हा तो खोल केला आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घातल्या. आधी तो पसरट होता, पावसाळ्यात पाणी शेजारच्या पडीत शेतात पसरायचं आणि दिवाळीपर्यंत तिथं दलदल असायची. त्या शेतावर आता प्लॉट आहेत. पहिल्या वर्षी नाल्याचं काम झालं तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता, घरात पाणी शिरणं थांबलं म्हणून.

मौदेकरीण
मला हीच शंका होती. आमच्याकडेही एका ठिकाणी नाला खोल केला आणि काठच्या उथळ विहिरी लवकर उतरू लागल्या.

भूजलवेडा
ताईंनी नेमकं ओळखलं. सखल भागात भूजलाची पातळी जमिनीच्या जवळ असते आणि ते सावकाश नाल्याकडे सरकत असतं. नाल्याचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या खाली गेला की तो नाला गटारासारखा भूजल ओढून नेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाल्यात स्वच्छ पाणी वाहताना दिसलं की लोकांना वाटतं नाला जिवंत झाला. प्रत्यक्षात ते विहिरींचंच पाणी निघून चाललेलं असू शकतं. भिंतीला सिमेंट आणि तळ उघडा असेल तर हे होतं. तळही सिमेंटचा असेल तर ओढणं कमी, पण मुरणंही बंद. जलयुक्त शिवारच्या वेळी सरसकट खोलीकरणावर याच कारणासाठी अनेक जाणकारांनी आक्षेप घेतले होते.

तुमच्या बाबतीत तिन्ही एकत्र आलंय असं मला वाटतं. पाणी पसरून मुरायची जागा गेली, नाला खोल झाला, आणि गल्लीतल्या बोअर वाढल्या. एका दमात कोसळणारा पाऊस त्यावर भर घालतो. विहीर आधी भरलेली असती तर एका कोरड्या ऑगस्टनं तिचं काही बिघडलं नसतं.

संत्राबाग
पण काका, नाला तं बुजवता येत नाही. घरात पाणी शिरन. मंग करायचं काय?

ढगाळ
छताचं पाणी विहिरीत. हजार चौरस फुटांचं छत धरा, वर्षाचा पाऊस अकराशे मिलिमीटर. वीस टक्के वाया गेलं तरी ऐंशी हजार लिटर होतात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, मग वाळू-गिट्टीच्या गाळणीतून विहिरीत. जोरदार पाऊस असला तरी छतावरचं सगळं हाताशी येतं, हाच त्याचा फायदा.

खारपाण
एका घरानं केलं तर ते पाणी शेजाऱ्याच्या बोअरला जाईल. भूजलाला कुंपण नसतं. अख्ख्या गल्लीनं करायला हवं.

मामातलाव
खरंय. आणि गल्लीनं आपल्या लेआउटमधली मोकळी जागा फरशी न घालता खोलगट ठेवावी, पावसाळ्यात तिथं पाणी साचू द्यावं. डास होतील म्हणून ओरड होईल, पण दोन-तीन दिवसांत मुरणारं पाणी असेल तर डासांना वाढायला तेवढा वेळ मिळत नाही.

पारडीकर
छताचं काम या पावसाळ्याआधी नक्की करतो. शेजाऱ्यांशीही बोलतो, काही जण तयार होतील. मोकळ्या जागेचं अवघड आहे, तिथं सभागृह बांधायचं घाटतंय. तरी विषय काढतो.

भूजलवेडा
एक विनंती सगळ्यांना. पातळी मोजा. दोरीला वजन बांधून जमिनीच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर, मोटार बंद करून निदान सहा तासांनी, म्हणजे सकाळी उपसा सुरू व्हायच्या आधी. जानेवारी, मार्च, मेचा शेवट आणि पावसाळा संपताना, असं वर्षातून चार वेळा पुरेसं आहे. तारखा दरवर्षी त्याच ठेवा. मेचा आकडा आणि पावसाळ्यानंतरचा आकडा यांच्यातला फरक म्हणजे पावसानं भरलेलं, आणि तिथून पुढच्या मेपर्यंतचा फरक म्हणजे तुम्ही आणि नाल्यानं मिळून नेलेलं. पावसाला दोष द्यायचा की उपशाला, हे दोन-तीन वर्षांत प्रत्येकाला आपापल्या विहिरीवरून कळेल.

महालातली_मावशी
मी मोजणार. वाड्यातली पोरं आहेत मदतीला. इथंच लिहायचं का आकडे?

मौदेकरीण
वेगळा धागा काढते, त्यात गाव, विहिरीची खोली, जवळ नाला-कालवा-तलाव काय आहे आणि मेअखेरची पातळी एवढंच लिहा. काटोल, पारडी, मौदा, महाल, साकोली आणि जमलं तर दर्यापूर. खारपाण, तुमच्या गावी कोणी मोजेल का?

खारपाण
भाऊ मोजेल. खारेपणाही लिहायला सांगतो.